उंबरठ्यावरचा समुद्र

समुद्रकिनाऱ्यावर नव्याने उघडलेल्या आलिशान बुटिक हॉटेलात पाऊल टाकताच पाहुण्याच्या मनावर जी पहिली छाप उमटते, तिचा मोठा भाग अशा एका गोष्टीचा असतो, जी हॉटेलच्या मालकाने बांधलेली नसते, विकत घेतलेली नसते आणि कायद्याने त्याला कधी आपल्या नावावर करूनही घेता येत नाही. ती गोष्ट म्हणजे समुद्र. सागवानी दारे, हातमागाचे पडदे आणि पितळी दिवे यांवर कितीही खर्च झाला, तरी पाहुण्याची नजर त्या सर्वांना ओलांडून आधी क्षितिजाकडे जाते, आणि खोल्यांचे भाडेही ‘समुद्राकडची’ व ‘बागेकडची’ असा भेद करूनच ठरते. म्हणून किनाऱ्यावरच्या हॉटेलची वास्तुरचना हा सर्वांच्या मालकीच्या दृश्याला खासगी चौकट बसवण्याचा उद्योग आहे, असे म्हणता येईल. ही चौकट कशी बसवली जाते, तिच्यामागे कोणता इतिहास आणि कोणते शास्त्र आहे, आणि ती कुठवर बसवण्याची मुभा आहे, हे ठाऊक असले, तर त्या पहिल्या काही मिनिटांचा अनुभव अधिक नीट पारखता येतो.

लहान दुकानाचे हॉटेल

‘बुटिक’ हा फ्रेंच शब्द असून त्याचा मूळ अर्थ लहान दुकान असा आहे. मराठी वाचकाला तो निवडक कपड्यांच्या दुकानांमुळे परिचित झालेला आहे. हॉटेलांच्या संदर्भात तो रुळला, तो साखळी हॉटेलांच्या एकसुरीपणाला कंटाळलेल्यांमुळे. १९५२ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात पहिले हॉलिडे इन सुरू झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत, कोणत्याही गावी उतरले तरी तशीच खोली, तसाच पलंग आणि तसाच नाश्ता मिळेल, अशी हमी देणारी हॉटेले जगभर पसरली. प्रवाशाला या हमीचा आधार वाटे. पण तिच्यापायी ते गाव मात्र हॉटेलच्या दाराबाहेरच राहू लागले. अनुश्का हेम्पेल यांचे लंडनमधील ब्लेक्स (१९७८), बिल किम्प्टन यांचे सॅन फ्रान्सिस्कोतील बेडफर्ड (१९८१) आणि इयान श्रेगर व स्टीव्ह रुबेल यांचे न्यूयॉर्कमधील मॉर्गन्स (१९८४) या हॉटेलांपासून निराळ्या वाटेचा आरंभ मानला जातो. सगळा माल एका छपराखाली ठेवणाऱ्या मोठ्या भांडाराच्या तुलनेत आपले हॉटेल म्हणजे बुटिक आहे, अशा आशयाचे रुबेल बोलले आणि तेव्हापासून ही संज्ञा चिकटली, असे सांगितले जाते.

बुटिक हॉटेलची सर्वमान्य व्याख्या नाही. मोजक्या खोल्या, एका हाताची छाप असलेली सजावट आणि त्या ठिकाणाशी जोडलेली ओळख ही त्याची ढोबळ लक्षणे मानली जातात. भारतात पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात एका ताऱ्यापासून पंचतारांकित डीलक्सपर्यंतच्या आणि वारसा हॉटेलांच्या श्रेणी आहेत. पण तारे सुविधा मोजतात आणि बुटिकपणा मोजणीत मावत नाही. त्याचे अर्थकारण मात्र सरळ हिशेबाचे आहे. जमीन, स्वयंपाकघर, वीज, पाणी आणि नोकरवर्ग यांचा स्थिर खर्च थोड्याच खोल्यांवर वाटला गेल्याने भाडे चढे ठेवावे लागते, गोवा-कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्याचे महिने मंदीचे जातात, आणि इतके पैसे मोजून आलेला पाहुणा दारातूनच हिशेब मांडू लागतो. साहजिकच पहिल्या भेटीवर बराच भार पडतो. हा प्रकार किनाऱ्यावर प्रतिष्ठित करण्यात थायलंडमधील फुकेत बेटावरच्या अमनपुरीचा वाटा मोठा आहे. एड्रियन झेखा यांनी १९८८ मध्ये उघडलेल्या या हॉटेलात वास्तुकार एड टटल यांनी एक भव्य इमारत उभी न करता थाई मंदिरांच्या उतरत्या छपरांची आठवण देणाऱ्या चाळीस सुट्या कुटी नारळीच्या बनात विखरून ठेवल्या. किनाऱ्यावरची चैन उंचीपेक्षा मोकळ्या अंतरात असते, ही कल्पना तिथून पुढे अनेकांनी उचलली.

समुद्राकडे पाठ, समुद्राकडे तोंड

समुद्राला तोंड करून राहण्याची हौस कोकणातल्या जुन्या घराला मात्र नव्हती. गुहागर, मुरुड किंवा नागाव यांसारख्या किनारी गावांची जुनी मांडणी पाहिली, तर रस्त्याला तोंड करून ओटी-पडवीचे घर, त्याच्या मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला केवड्याचे कुंपण आणि त्याहीपलीकडे पुळण असा क्रम दिसतो. म्हणजे समुद्र हा परसाच्याही मागचा शेजारी होता. खारा वारा, उडती वाळू, उधाणाचे पाणी आणि आषाढातली झोड यांच्याशी पिढ्यान् पिढ्या व्यवहार केलेल्या माणसांनी सन्मान्य अंतर राखून त्याच्याशी शेजारधर्म पाळला होता. कोळीवाडे किनाऱ्याच्या अधिक जवळ वसले, ते होड्या ओढण्यासाठी आणि मासळी वाळवण्यासाठी, देखाव्यासाठी नव्हे.

देखाव्यासाठी किनाऱ्यावर उतरण्याची रीत युरोपात रुजली आणि तीही औषधाच्या निमित्ताने. अठराव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड रसेल या इंग्रज वैद्याने समुद्रस्नान आणि समुद्राचे पाणी पिणे हे गाठींच्या विकारांवर उपाय म्हणून सांगितले, त्यातून ब्रायटनसारख्या गावाकडे धनिकांचा ओघ लागला आणि कालांतराने औषध मागे पडून देखावा उरला. भारतात ही रीत किनारी हॉटेलांच्या रूपाने स्वातंत्र्यानंतर फोफावली. मुंबईत जुहूच्या वाळूलगत १९६२ मध्ये सन-एन-सँड सुरू झाले. केरळातील कोवळम येथे चार्ल्स कोरिया यांनी टेकडीच्या उतारावर पायऱ्यांप्रमाणे खोल्या रचून डोंगराची कड न मोडता प्रत्येक खोलीला आपापली गच्ची आणि आपापला समुद्र दिला. आणि गोव्यात १६१२ मध्ये बांधलेल्या आग्वाद किल्ल्याच्या तटाशेजारी ताज समूहाचे हॉटेल १९७४ मध्ये आले. घराने पाठ फिरवलेल्या समुद्राकडे हॉटेलने तोंड वळवले आणि त्या वळण्याबरोबरच, ज्या अडचणी टाळण्यासाठी घर मागे सरले होते, त्या सगळ्या हॉटेलच्या वाट्याला आल्या.

एका पातळीतली तीन पाणी

समुद्राला चौकट कशी बसवावी, याचा वस्तुपाठ म्हणून श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील अहुंगल्ल येथील एक हॉटेल पाहण्यासारखे आहे. हे हॉटेल आकाराने बुटिक नाही. परंतु पुढच्या असंख्य बुटिक हॉटेलांनी त्याच्या प्रवेशाची नक्कल केली. वकिलीचे शिक्षण घेऊन नंतर वास्तुकलेकडे वळलेले जेफ्री बावा (१९१९–२००३) यांनी रचलेले हे हॉटेल १९८१ मध्ये ‘ट्रायटन’ या नावाने सुरू झाले. माडांच्या बनातून येणारा रस्ता एका उथळ जलाशयापाशी थांबतो आणि त्या पाण्यातून माडांचे सोट वर आलेले असतात. त्यापुढे भिंतींचा अडसर नसलेले स्वागतदालन, दालनाची गुळगुळीत चकचकीत फरशी, तिच्यापलीकडे पोहण्याचा तलाव आणि तलावापलीकडे हिंदी महासागर. दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांना जलाशय, तलाव आणि समुद्र ही तीन पाणी एकाच पातळीत मिसळलेली दिसतात आणि मधली फरशीसुद्धा उजेडाने ओली भासते. बावांनी इथे सजावटीची फारशी भर घातलेली नाही. त्यांनी मधले अडथळे काढले आणि पातळ्या जुळवल्या.

अशा दृश्याने मन एवढे का निवते, याचे एक स्पष्टीकरण ब्रिटिश भूगोलज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये मांडले. त्यांच्या मते, जिथून दूरवर नजर टाकता येते आणि त्याच वेळी स्वतःला आडोसा मिळतो, अशी जागा माणसाला स्वभावतः आवडते. कारण पाहता येणे पण दिसू न देणे, यात आदिम काळी जगण्याची शक्यता दडलेली होती. पाठीला भिंत, डोक्यावर उतरते छप्पर आणि समोर अथांग पाणी ही किनारी हॉटेलच्या स्वागतदालनाची मांडणी या सिद्धांताचे हुबेहूब उदाहरण आहे, आणि कोकणातल्या घराची पडवीही याच कारणाने बसायला बरी वाटत असावी. पहिल्या छापेला दुसरा आधार ‘प्रभावळ परिणामा’चा असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांना १९२० मध्ये असे आढळले, की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसाला एखाद्या गुणात सरस मानत असतील, तर इतर असंबद्ध गुणांतही त्याला झुकते माप देतात. देवाच्या मूर्तीमागची प्रभावळ जशी सगळ्या मूर्तीला उजळवते, तशी एका गुणाची आभा बाकीच्यांवर पडते, आणि म्हणून दारातला समुद्र आवडला, की सरबत गोड लागते आणि खोली थोडी लहान असली तरी ती ऐसपैस वाटते.

अहुंगल्लच्या त्या तलावाचे अनेक वंशज आज ‘इन्फिनिटी पूल’ या नावाने ओळखले जातात. नावाप्रमाणे तो अनंत वाटतो, पण त्याची युक्ती साधी आहे. तलावाची समुद्राकडची कड इतर कडांपेक्षा किंचित खाली ठेवलेली असते, त्यामुळे पाणी तिच्यावरून पातळ पडद्यासारखे सतत पलीकडे सांडत राहते; पलीकडे खालच्या अंगाला, पोहणाऱ्याच्या नजरेआड, एक पन्हळ ते झेलते, तिथून ते साठवणटाकीत जाते, गाळले जाते आणि पंपाने पुन्हा तलावात येते. तलावात माणसे उतरली की जास्तीचे पाणी मावावे म्हणून ही टाकी पुरेशी मोठी लागते, आणि ती कड तर इतकी काटेकोर समतल लागते, की थोडा कल राहिला तरी एका बाजूने पाणी सांडते आणि दुसऱ्या बाजूला कोरडी पट्टी दिसू लागते. नव्या हॉटेलचे काम किती निगुतीने झाले आहे, याची परीक्षा घ्यायची असेल, तर संगमरवरापेक्षा ही कड पाहावी.

वारा, ऊन आणि मीठ

भिंती काढून टाकलेले दालन थंड राहते, ते वाऱ्याच्या एका दैनंदिन नियमामुळे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची हवा आत येते. हे शालेय भूगोलातले खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट दिशेने वाहू लागतो. ते मतलई वारे. या दोन्ही वाऱ्यांना आरपार वाट देणारी इमारत वातानुकूलन यंत्राचे काम बरेच हलके करते. पश्चिम किनाऱ्यावर मात्र ही वाट उघडी ठेवण्याची किंमत दोनदा मोजावी लागते. समुद्र पश्चिमेला असल्याने दुपारनंतरचे तिरपे ऊन थेट आत येते, आणि जून उजाडला की त्याच दिशेने नैर्ऋत्य मोसमी पाऊस आडवा मारा करतो. कोकणात वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यावर जुन्या घरांनी काढलेले उपाय, म्हणजे खाली झुकलेली कौलारू वळचण, रुंद पडवी, श्वास घेणाऱ्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती आणि पावसाआधी पडवीला बांधायचे माडाच्या झावळ्यांचे झाप, हे चांगले वास्तुकार आजही नव्या रूपात वापरतात. ज्या हॉटेलांत देखाव्यासाठी पश्चिमेला नुसती काच लावलेली असते, तिथे दुपारी चार वाजता पडदे ओढून घ्यावे लागतात, आणि ज्याच्यासाठी एवढे पैसे मोजले, तो समुद्रच पडद्याआड जातो.

पाऊस चार महिन्यांचा असतो. मीठ बारमाही असते. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि त्यांतील क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून हळूहळू सळईपर्यंत पोहोचते. काँक्रीटमुळे सळईवर एरवी जो संरक्षक थर तयार झालेला असतो, तो क्लोराइडने भेदला जातो, लोखंड गंजू लागते, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असल्याने तो आतून दाब देऊन काँक्रीटचे पापुद्रे उडवतो. यासाठीच भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार सौम्य परिस्थितीत सळईवर २० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण चालत असले, तरी किनारी हवेत ते किमान ४५ आणि थेट तुषारांचा मारा असेल तिथे ५० मिलिमीटर ठेवावे लागते. बिजागऱ्या, कड्या आणि कठडे यांनाही हाच न्याय लागू पडतो. स्टेनलेस स्टील म्हणून जे सर्वसाधारणपणे वापरले जाते, त्या ३०४ क्रमांकाच्या पोलादावर समुद्राकाठी तपकिरी ठिपके उठतात. दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम मिसळलेले ३१६ क्रमांकाचे पोलाद अधिक टिकते आणि अर्थात अधिक महाग पडते. उघडण्याच्या दिवशी दोन्ही सारखीच चकाकतात, आणि पहिली छाप नेमकी इथेच फसवी ठरते.

नवे हॉटेल उघडण्याच्या रीतीतही याची जाणीव दिसते. बहुतेक हॉटेले उद्घाटनाचा गाजावाजा करण्याआधी काही आठवडे मोजक्या खोल्या चालवून पाहतात; या टप्प्याला व्यवसायात ‘सॉफ्ट ओपनिंग’ म्हणतात. न लागणारे दार, गरम पाणी उशिरा येणारा नळ, स्वयंपाकघरापासून तलावापर्यंत चहा थंडावणारे अंतर अशा त्रुटींची ‘स्नॅग लिस्ट’, म्हणजे उणिवांची यादी, या काळात तयार होते आणि कर्मचाऱ्यांचे हातही याच काळात बसतात. या आठवड्यांत उतरलेल्या पाहुण्याला रंगाचा आणि व्हार्निशचा वास, वाऱ्यावर झुकलेली कोवळी रोपे आणि अति तत्पर आदरातिथ्य यांचे मिश्रण अनुभवास येते. त्यावरून इमारतीची पारख होऊ शकते. पण तिथल्या सेवेविषयी मत बनवायला तो काळ फार कोवळा असतो.

चौकटीची हद्द

दृश्याला चौकट बसवण्याची मुभा कुठवर आहे, हे भारतात किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी ठरते. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले होते, आणि पुढे पर्यावरण संरक्षण कायद्याखाली फेब्रुवारी १९९१ मध्ये पहिली अधिसूचना निघाली. २०११ आणि २०१९ मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली. या सर्व मोजमापांचा पाया असलेली भरतीरेषा म्हणजे उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जिथवर चढते ती रेषा. १९९१ च्या नियमांनी मोकळ्या ग्रामीण किनाऱ्यावर या रेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम मना केले, त्यापलीकडच्या हॉटेलची उंची नऊ मीटर व दोन मजल्यांपुरती मर्यादित केली, वाळूच्या टेकड्या सपाट करण्यास मनाई केली आणि दोन हॉटेलांमध्ये लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंद वाट सोडण्यास सांगितले. २०१९ च्या अधिसूचनेने दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकसंख्या असलेल्या ग्रामीण पट्ट्यात ना-विकास क्षेत्र ५० मीटरवर आणले. विरळ वस्तीत ते २०० मीटरच राहिले. किनारी हॉटेले बुटकी, विखुरलेली आणि माडांच्या उंचीआड दडलेली दिसतात, यात वास्तुकाराच्या अभिरुचीइतकाच या नियमांचा वाटा आहे.

न्यायालयांनी याला तत्त्वाची बैठक दिली. हिमाचल प्रदेशात बियास नदीकाठच्या एका मोटेलसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘लोकविश्वस्ततेचे तत्त्व’ भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले; हवा, वाहते पाणी, समुद्र आणि किनारे ही सर्वांची संपत्ती असून सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे, असा या तत्त्वाचा आशय आहे. गोव्यात दोना पावलाजवळच्या एका किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेविषयीच्या वादातही त्याच न्यायालयाने २००९ मध्ये लोकांच्या वाटेचा हक्क उचलून धरला. त्यामुळे जाहिरातीत ‘खासगी किनारा’ हे शब्द दिसले, तर त्यांचा अर्थ फार तर किनाऱ्यालगतची खासगी जमीन एवढाच घ्यावा लागतो. ओल्या वाळूवर हॉटेलच्या पाहुण्याचा जेवढा अधिकार आहे, तेवढाच जाळे ओढणाऱ्या रापणकराचा आणि डबा घेऊन आलेल्या कुटुंबाचाही आहे.

किनाऱ्याचा आणखी एक हक्कदार रात्री येतो. गोव्यातील मोरजी, आगोंद आणि गालजीबाग, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे वाळूत अंडी घालतात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिल्ले क्षितिजावर जिथे अधिक उजेड दिसेल, तिकडे सरपटतात; मोकळ्या किनाऱ्यावर हा उजेड समुद्राकडे असतो, पण मागे हॉटेलचे प्रखर दिवे असले, तर पिल्ले उलट्या दिशेने जाऊन वाळूतच दगावतात. अशा ठिकाणी दिवे गुडघ्याच्या उंचीवर, खाली तोंड केलेले आणि पिवळसर-तांबूस असणे आवश्यक असते. रात्री उशिरा पोहोचलेल्या पाहुण्याला असे हॉटेल प्रथमदर्शनी अंधारलेले वाटू शकते. त्या अंधाराला समुद्राशी राखलेले सौजन्य म्हणावे लागेल.

या सगळ्या हद्दी अधिसूचनांत लिहिल्या जाण्याच्या कितीतरी आधीपासून किनाऱ्यावर एका वेलीने आखलेल्या आहेत. भरतीरेषेच्या वरच्या अंगाला, कोरड्या वाळूवर, दुभागलेल्या जाड पानांची आणि जांभळट-गुलाबी फुलांची एक वेल पसरते. तिच्या लांब धावत्या फांद्या जागोजाग मुळे धरतात, उडती वाळू अडवतात आणि वाळूच्या टेकड्या बांधून ठेवतात. मराठीत तिला मर्यादवेल म्हणतात. पुष्कळ हॉटेले ती उपटून तिथे हिरवळ लावतात, कारण हिरवळ छायाचित्रात नीटनेटकी दिसते; मग गोड्या पाण्याचा खर्च वाढतो आणि उधाण आले की वाळू सरकते. नव्या हॉटेलच्या पायरीवर उभे राहून समुद्र पाहून झाला, की नजर जरा खाली आणून ही वेल जागेवर आहे की नाही, एवढे पाहावे. ती असेल, तर समुद्राची मर्यादा ओळखूनच मालकाने चौकट बसवली आहे, असे समजायला हरकत नाही.